एका क्रियापदाची राखण

ज्या शब्दापायी माझ्या बापाची काठी तीन महिने भिंतीला टेकून उभी राहिली, तो शब्द मी पहिल्यांदा फळ्यावर पाहिला तेव्हा मला त्यात काही विशेष दिसलं नव्हतं. चार इंग्रजी अक्षरं, त्यातली दोन तर एकसारखी. कीप.

स्वातंत्र्याला दोन-तीन वर्षं झाली असतील. तेव्हा इंग्रजी आठवीत सुरू व्हायचं, म्हणजे आम्ही तेरा-चौदा वर्षांची घोडी बालवाडीतल्या पोरांसारखी अक्षरं गिरवत होतो. शाळा डोंबिवलीला होती आणि मी कोपरच्या पलीकडल्या, खाडीला लागून असलेल्या वस्तीतून चालत यायचे. आमच्या वस्तीतून आठवीपर्यंत पोचलेली मी एकटीच मुलगी. ह्यात माझी हुशारी फार नव्हती. खारजमिनीचे सरकारी कागद वाचून दाखवायला घरात कुणीतरी हवं होतं, आणि थोरला भाऊ तिसरीतून पळून आला होता. बापानं मग मला धाडलं.

इंग्रजीचे मास्तर म्हणजे काळा कोट, धोतर आणि खिशात बांधलेलं घड्याळ. फोर्टातल्या एका कचेरीत त्यांनी आयुष्यभर कारकुनी केली होती आणि निवृत्त झाल्यावर स्टेशनजवळ एका चाळीत खोली घेऊन ते एकटेच राहत होते. घंटा व्हायची आणि मास्तर दारात दिसायचे, एकाच क्षणी. घंटा वाजवणारा शिपाई म्हणायचा, मी ह्यांना बघूनच टोल देतो. रजा लिहून दिल्याशिवाय त्यांनी एकही तास चुकवलेला नव्हता आणि ते आम्हाला वरचेवर सांगायचेसुद्धा.

दिवाळीनंतर, आम्हाला थोडं वाचता यायला लागल्यावर, त्यांनी फळ्यावर तो शब्द लिहिला आणि म्हणाले, हे एक क्रियापद नीट कळलं तरी यंदाचं वर्ष सार्थकी लागलं. पोरं खुसखुसली. मास्तर हसले नाहीत. कचेरीत असताना एका दुपारी त्यांच्या साहेबानं हा शब्द सात वेळा वापरला होता, आणि सातही वेळा त्यांना निराळं काम करावं लागलं होतं. एकदा फाइल कपाटात ठेवली, एकदा दार धरून उभे राहिले, एकदा आलेल्या माणसाला बोलण्यात गुंतवलं, एकदा नुसतं गप्प बसायचं होतं. घरी येऊन त्यांनी ती सात वाक्यं लिहून काढली. तेव्हापासून वीस वर्षं ते लिहीतच होते.

मग त्यांनी आम्हाला आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती सांगताना त्यांचा आवाज देवळात बोलल्यासारखा खाली आला. इंग्रजीतल्या बहुतेक शब्दांना गणगोत असतं, म्हणाले. बाइंड म्हणजे आपलं बंध. स्टँड म्हणजे स्था. नो म्हणजे ज्ञा. हजारो वर्षांपूर्वी एकाच घरातून निघालेली ही भावंडं आहेत. पण ह्या कीपचं मात्र कुणी नाही. शेजारच्या जर्मनांकडे नाही, फ्रेंचांकडे नाही, लॅटिनमध्ये नाही. हजार वर्षांपूर्वी तो एकदम लिखाणात दिसायला लागतो आणि कुठून आला ते कुणालाच ठाऊक नाही. एवढाल्या जाड शब्दकोशात त्याच्यापुढे लिहिलंय, मूळ अज्ञात. आणि हा अनाथ शब्द आज त्या भाषेत घरोघर आहे.

माझ्या अंगावर काटा आला. शब्दांना आईबाप असतात हेच मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं, आणि लगेच एक पोरका शब्द समोर उभा राहिला होता. मी घरी जाताना वाटभर दिसेल त्याला मनातल्या मनात विचारत गेले, तू कुठला रे?

मास्तरांची शिकवायची रीत अशी होती की अर्थ ते सांगायचे नाहीत. म्हणायचे, घरी जा आणि हा शब्द तुमच्या घरात कुठे राहतो ते बघून या. दुसऱ्या दिवशी वकिलाच्या मुलीनं आजीचा उपास आणला. तो इंग्रजीत कीप करता येतो म्हणे. एकानं कबुतरं आणली. एकीनं गुपित आणलं आणि सांगणार नाही म्हणाली. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, माझा बाप उघाडीवर बसतो.

वर्ग हसला. निम्म्यांना उघाडी म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं आणि उरलेल्यांना तो कामधंदा वाटत नव्हता. खाडीच्या बांधाला एक लाकडी दार असतं, तीच उघाडी. ओहोटीला ती उघडून शेतातलं पाणी बाहेर सोडायचं आणि भरती चढायच्या आत बंद करायची. चुकलं तर खारं पाणी आत शिरतं आणि तीन वर्षं तिथे भात होत नाही. हे मी सांगितलं. मग मास्तरांनी विचारलं, "पाणी येत नसतं तेव्हाही बसतो?"

"तेव्हाच जास्त बसतो," मी म्हटलं. "आल्यावर काय, कुणालाही दिसतं."

मास्तरांनी खडू खाली ठेवला. तास संपेपर्यंत त्यांनी तो पुन्हा उचलला नाही. मला वाटलं, मी काहीतरी वेडंवाकडं बोलले.

त्या रविवारी मास्तर कोट घालून, वहाणा हातात घेऊन, चिखलातून आमच्या बांधावर आले. माझी तर पळता भुई थोडी झाली. बाप उघाडीजवळ बसला होता, नेहमीसारखा, गावाकडे पाठ आणि खाडीकडे तोंड करून. मास्तर त्याच्या शेजारी बसले आणि एक अख्खी भरती बसून राहिले. बसल्या बसल्या मनात काय येतं, असं त्यांनी विचारलं. बाप म्हणाला, "काय नाय. पानी बगतंव."

मास्तरांनी त्याला सांगितलं की त्या शब्दाचा सगळ्यात जुना अर्थ हाच आहे. ठेवणं, जपणं, सांभाळणं हे सगळं नंतरचं. सुरुवातीला त्याचा अर्थ होता नजर लावून असणं, एखाद्या गोष्टीची डोळ्यांत तेल घालून वाट बघणं. वीस वर्षं हा अर्थ आपण कागदावर बघत आलो, आज बसलेला बघितला. बापानं थोडा विचार केला आणि विचारलं, "मंग नंतर बिघरला का तो?" मास्तर मोठ्यानं हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

त्या दिवशी बापानं त्यांना बांधावरच्या रीती सांगितल्या. उघाडीवर दोघांच्या पाळ्या असायच्या, बापाची आणि माझ्या चुलत्याची. पाळी तोंडानं द्यायची नाही. येणारा आणि जाणारा, दोघांनी शेजारी उभं राहून मुकाट्यानं पाणी बघायचं. पाण्यात एक खुंटी पुरलेली होती. पाणी खुंटीला लागलं की राखणदाराची काठी एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात द्यायची. जमिनीला काठी लावायची नाही. आणि ज्याच्या पाळीत बांध फुटला, त्यानं काठी घरात उभी करायची. ज्याचं नुकसान झालं तो स्वतः येऊन पाणी बघून हातात काठी देईल, तेव्हाच पुन्हा बसायचं. आजोबांच्या वेळी एकजण अकरा वर्षं तसा राहिला, कारण ज्याचं शेत बुडालं तो गाव सोडून गेला होता. मास्तरांनी हे सगळं खिशातल्या कागदावर टिपून घेतलं.

मे महिन्यात मास्तर एक पत्र्याची पेटी घेऊन आले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते. एकामागून एक काढायचे, तोवर पुण्याला बहिणीकडे राहायचं, म्हणजे दिवाळी उजाडणार. चाळीचा मालक पावसाआधी कौलं उतरवणार होता, त्यामुळे खोलीत ही पेटी ठेवायचा त्यांना धीर होत नव्हता. पेटीत त्यांच्या चिठ्ठ्या होत्या. रोज पान फाडायच्या कॅलेंडरच्या पानांमागे लिहिलेल्या, हजारावर, भोकं पाडून दोऱ्यांत ओवलेल्या. त्या शब्दाचा जन्म झाल्यापासून आजपर्यंतचा प्रवास, अर्थातून अर्थ कसा फुटत गेला, त्या क्रमानं लावलेल्या.

"राखतंव," बाप म्हणाला आणि त्यानं दोन्ही हातांनी पेटी घेतली.

मास्तरांना रीत पाळायची होती. म्हणून दोघं ओट्यावर पेटी मध्ये ठेवून तिच्याकडे बघत उभे राहिले. पण पेटीला ना भरती ना खुंटी, त्यामुळे बघणं कधी थांबवायचं ते दोघांनाही कळेना. शेवटी आईनं चहा आणला आणि सुटका केली. निघताना मास्तर मला बाजूला घेऊन म्हणाले, कागद भिजले तर वाळवता येतील, पण क्रम मोडला तर माझे डोळे आता तो पुन्हा लावू शकणार नाहीत. मी मोठ्या ऐटीत मान हलवली.

आणि आईला सांगितलं नाही. मुद्दाम नव्हे. आईचा आणि कागदाचा काय संबंध, असं मला, आठवी शिकलेलीला, वाटलं. आजवर मी पुष्कळ चुका केल्या, पण इतकी शहाणपणाची घमेंड असलेली दुसरी नाही.

श्रावणात मी आजारी आत्याकडे कळव्याला गेले होते, आठ दिवसांसाठी. परत आले तर पेटी ओट्यावर उपडी पडलेली आणि आत पेटी ठेवायच्या जागी शेणामातीनं तोंड लिंपलेलं एक मोठं मडकं. आई खुशीत होती. तिनं सांगितलं की पेटीला आतून घाम सुटला होता आणि कागदांना कसर लागायला सुरुवात झाली होती. मग तिनं वालाचं बियाणं ठेवतात तसं केलं. दोऱ्या कापल्या, चिठ्ठ्या सुपात पसरून चुलीजवळ शेकल्या, एकेका चिठ्ठीला दोन्ही अंगांनी चाळलेली राख चोळली, मध्ये निंबाचा पाला घातला आणि मडकं भरलं. एकही चिठ्ठी वाया जाऊ दिली नाही. सुपात पाखडल्यावर जी आधी हाताला आली ती आधी आत गेली.

मी कापलेल्या दोऱ्या उचलून बघू लागले. आईला काही कळेना. बियाण्याला ओळीनं कोण ठेवतं, ती विचारत राहिली, आणि तिच्या बाजूनं ती शंभर टक्के बरोबर होती.

बाप संध्याकाळी आला. मी रडत सगळं सांगितलं. मास्तरांनी काय बजावलं होतं आणि मी कशी गप्प राहिले, तेही. वाटलं, एक थोबाडीत बसेल आणि प्रकरण मिटेल. बापानं सगळं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, वस्तू माझ्या हातात दिली होती. उठला, कोपऱ्यात काठी उभी केली आणि चुलत्याकडे जाऊन सांगून आला की उद्यापासून माझी पाळी तुझा पोरगा करील.

आईनं डोकं आपटून घेतलं. कागदाच्या चिंध्यांसाठी काठी ठेवतात का, म्हणाली. चुलताही समजवायला आला, रीत बांधाची आहे, पेटीची नाही. बाप त्यांना एवढंच म्हणाला की राखतंव म्हणताना मी काय धरून म्हटलं होतं ते मला माहीत आहे. दुसऱ्या दिवसापासून तो लोकांच्या शेतात तण काढायला जाऊ लागला. भरतीची वेळ झाली की त्याची मान आपोआप खाडीकडे वळायची आणि मग तो ती परत फिरवायचा. ते मला बघवत नसे. मास्तर परत येऊन काय करतात ह्यावर आता माझ्या बापाचं सगळं अडलं होतं. ते रागावून निघून गेले, तर आजोबांच्या गोष्टीतल्या माणसासारखी अकरा वर्षं की काय, ह्या विचारानं माझी झोप उडाली.

मी ठरवलं की मास्तर यायच्या आत क्रम लावायचा. मडक्याचं तोंड फोडलं आणि रोज शाळेतून आल्यावर, उजेड असेपर्यंत, सूप पुढ्यात घेऊन बसू लागले. माझं इंग्रजी ते केवढं. गावच्या वेशीपर्यंत गेलेल्यानं काशीला निघावं तसली तऱ्हा. प्रत्येक चिठ्ठीवर एक इंग्रजी वाक्य, त्याखाली मास्तरांच्या बारीक अक्षरात मराठी. पुष्कळ ठिकाणी मराठीची जागा कोरी.

काय काय निघालं त्यातून. राजाच्या किल्ल्यात सगळ्यात आत एक बुरूज असतो, सगळ्या भिंती पडल्या की राजा तिथे शिरतो. त्या बुरुजाचं नावच कीप. क्रिकेटमध्ये यष्टीमागे ओणवा राहणारा कीपर. शब्द पाळायचा तर कीप, वेळ पाळायची तर कीप, कोंबड्या पाळायच्या तरी कीप. हसू दाबून चेहरा सरळ ठेवणं हेही तेच आणि कुणाला चार हात लांब ठेवणंही तेच. आजारी बाई अंथरूण धरते तेव्हा त्यांच्याकडेही ती अंथरूण कीप करते. हे वाचलं तेव्हा मी सूप खाली ठेवून उठले आणि अंगणात एक फेरी मारून आले. कोण कुठल्या धुक्यातल्या देशातली बाई, आणि तिनं आमच्या आत्यासारखं अंथरूण धरावं? मला इतकं नवल वाटलं की ते कुणाला सांगावं ते कळेना. मग आईलाच सांगितलं.

तेव्हापासून आई शेजारी येऊन बसू लागली. ती विचारायची, ह्यात काय, ह्यात काय. मी अडखळत सांगायचे. लांडग्याला दारापासून लांब ठेवणं, अशी एक चिठ्ठी होती, मराठीची जागा कोरी. आई म्हणाली, लांडगा कुठला, भूक ती. चूल विझू न देणं म्हण. मी पेन्सिलीनं ते कोऱ्या जागी लिहिलं. शरीर आणि आत्मा एकत्र ठेवणं, अशी दुसरी एक. आई म्हणाली, म्हणजे जीव धरून राहणं. असे किती अर्थ तिनं दिले. त्या एका इंग्रजी शब्दाला ठेवणं, राखणं, पाळणं, जपणं, धरणं, सांभाळणं, टिकणं, असे आपले सात-आठ शब्द लागत होते, आणि प्रत्येक जागी नेमका कुठला ते माझ्या निरक्षर आईला क्षणात कळत होतं. मला त्या शब्दाचा जास्त अचंबा वाटत होता की तिचा, हे आज सांगता येणार नाही.

एका चिठ्ठीवर लिहिलं होतं, हाउ आर यू कीपिंग. ओळखीचं माणूस भेटलं की साहेब लोक असं विचारतात. म्हणजे तू स्वतःला कसा राखतोयस. मी ते ओट्यावर बसलेल्या बापाला वाचून दाखवलं. त्यानं खाडीकडे वळलेली मान परत फिरवली. मग म्हणाला, "आता नाय राखत."

क्रम मात्र लागला नाही. कुठला अर्थ हजार वर्षांपूर्वीचा आणि कुठला परवाचा, हे नववीतल्या पोरीला कुठून कळणार? दिवाळी झाली, भात कापून झालं. मी हार मानली. आईनं चिठ्ठ्यांना पुन्हा राख चोळली आणि मडक्याचं तोंड लिंपलं.

मास्तर आले ते थेट स्टेशनवरून, हातात पिशवी घेऊन, आपल्या खोलीवरही न जाता. डोळ्यांवर बाटलीच्या बुडासारखी जाड भिंगं होती. बाप अंगणात उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगितलं. कमी नाही, जास्त नाही. मी मध्ये बोलायला गेले तर त्यानं हातानं थांबवलं. आईनं मडकं आणून त्यांच्यापुढे तोंड फोडलं. मास्तरांनी कोटाची बाही वर सारली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. मूठभर चिठ्ठ्या बाहेर काढल्या, एक भिंगाजवळ धरली, दुसरी धरली, तिसरी. राख त्यांच्या धोतरावर सांडत होती.

"ह्यात पहिली कुठली?" त्यांनी विचारलं.

आई म्हणाली, "बियाला पयला-शेवटला नसतं, मास्तर. हाताला येल ता पेराचा."

मास्तरांनी चिठ्ठ्या मडक्यात परत टाकल्या.  मग त्यांची नजर दारातून आत गेली, कोपऱ्यात उभ्या केलेल्या काठीवर. ती का तिथे आहे हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी स्वतःच टिपून घेतलं होतं. ते काठीकडे बघत राहिले, मग पिशवी उचलून निघून गेले. मला त्यांचा राग आला. मग माझाच आला. त्या पाठमोऱ्या माणसाची वीस वर्षं आमच्या घरात गेली होती.

मी शाळेत जायचं बंद केलं. कुठल्या तोंडानं जाणार? मैत्रिणीकडून कळलं की मास्तर शाळेत परत रुजू झालेत आणि पूर्वीसारखेच घंटेला दारात असतात. बाप रोज लोकांच्या खळ्यावर झोडणीला जात होता. घरात चिठ्ठ्यांचं नाव निघत नव्हतं. मडकं तसंच उघडं पडलं होतं.

पौर्णिमा झाली. त्यानंतरच्या दोन दिवसांत खाडीला सगळ्यात मोठं पाणी येतं आणि तेव्हा शेजारच्या मिठागरात पाणी घ्यायला सुरुवात करतात, म्हणून वस्तीतली सगळी माणसं बांधावर होती. बापही होता, पण मागे, इतर बघ्यांत. ऐन दुपारी, शाळेची वेळ असताना, काळा कोट घातलेला माणूस वहाणा हातात घेऊन चिखलातून येताना दिसला. आधी कुणाला ओळखू आला नाही. भिंगांमुळे त्यांना बांधाची कड दिसत नव्हती, त्यामुळे ते पाय चाचपत चालत होते. मी धावत जाऊन हात धरला. त्यांनी धरू दिला.

ते बापापुढे येऊन उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. उतरवलेली कौलं परत चढायच्या आत पाऊस आल्यानं खोलीची भिंत भिजली होती. परत येऊन त्यांनी फळीला हात लावला, तर पुस्तकांच्या नुसत्या पाठी हातात आल्या. आतून सगळं वाळवीनं खाल्लं होतं. मोठा शब्दकोश गेला, वह्या गेल्या, बायकोची पत्रं गेली.

"माझ्या घरातलं काही राहिलं नाही," मास्तर म्हणाले. "राहिलं ते तुमच्या घरातलं."

बाप म्हणाला, पण ओळ मोडली.

मोडली, मास्तर म्हणाले. त्याचं मला वाईट वाटतं आणि वाटत राहील. चार दिवस मी तुमच्यावर रागावून होतो. ते बरोबर नव्हतं असं मी म्हणत नाही, पण पुरे झालं. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, काठी आण.

घर काही लांब नव्हतं. मी इतकी पळाले की येताना धाप लागून डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. काठी जमिनीला लागू नये म्हणून दोन्ही हातांत आडवी धरून आणली. मास्तरांनी ती घेतली. चुलत्याचा पोरगा उघाडीजवळून उठून बाजूला झाला. मास्तर आणि माझा बाप शेजारी उभे राहिले, गावाकडे पाठ आणि खाडीकडे तोंड करून.

पाणी चढत होतं. बांधावर पन्नास माणसं असतील, पण कुणी बोलत नव्हतं. खाडीचं ते करडं पाणी मी जन्मापासून पाहत आले होते, पण त्या दिवशी ते कुठूनसं, कुणालाही न सांगता, हजार वर्षं चालत आल्यासारखं वाटलं, आणि त्याच्याकडे नजर लावून दोन माणसं उभी होती. माझा बाप, ज्याला तो शब्द वाचता येत नव्हता, आणि मास्तर, ज्यांना आता खुंटीपाशी पाणी दिसत नव्हतं. माझे हात आपोआप जोडले गेले. अशा वेळी हात जोडायचे असतात हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

"लागलं का खुंटीला?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"नाय आजून."

ते थांबले. खूप वेळ थांबले. उन्हात त्यांच्या कोटातून घाम निथळत होता. पुन्हा त्यांनी विचारलं नाही.

शेवटी बाप म्हणाला, "लागला."

मास्तरांनी काठी त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "बसा."

बाप बसला. मास्तरही कोट सावरून त्याच्या शेजारी टेकले आणि ओहोटी लागेपर्यंत उठले नाहीत. त्या दिवशी आठवीचा इंग्रजीचा तास झाला नाही. शिपायानं घंटा दिली, दारात कुणी दिसेना, तेव्हा त्यानं ती पुन्हा एकदा दिली, असं नंतर कळलं.